स्टोरेज अकाउंट सांभाळणारा मदतनीस कोड : नावापासून डिलीटपर्यंत

मागच्या दिवाळीच्या तोंडावर बिल बघत बसलो होतो. रामबागेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस, माणसं चार. गिऱ्हाइकं इंदूरची आणि आसपासची : एक नमकीनवाले, दोन औषधांचे वितरक, एक फोटो स्टुडिओ आणि जुन्या मराठी अंकांचं स्कॅनिंग करून घेणारी एक संस्था. अ‍ॅझ्युर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या यादीत २९ स्टोरेज अकाउंट, म्हणजे फायली ठेवायची खाती, दिसत होती आणि त्यातली ११ कोणाची, हे चौघांपैकी एकालाही सांगता येईना. नावं तरी कशी, टेस्टन्यू२, डेटाफायनल, डेटाफायनल३. आमच्यातला सगळ्यात धाकटा म्हणाला, "दादा, फायनल३ आहे म्हणजे फायनल२ पण असेल ना कुठेतरी?"

होतं. दुसऱ्या सबस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे ज्याचं बिल वेगळं येतं अशा दुसऱ्या गटात.

पोर्टलवर, म्हणजे क्लाउडच्या वेबसाइटवर, जाऊन हाताने खाती उघडायची सवय तेव्हा मोडली. त्याजागी पायथनमध्ये एक लहानसं मदतनीस मॉड्यूल लिहिलं. नाव बनवणं, खातं उघडणं, परवानगी देणं, किल्ल्या बदलणं, यादी काढणं आणि खातं मोडणं, एवढीच त्याची कामं. खाली त्याच क्रमाने सांगतो. उदाहरणं अ‍ॅझ्युरची आहेत, कारण आमचं रोजचं काम त्याच्यावर चालतं. दुसऱ्या क्लाउडवर आकडे आणि नावं बदलतील. फंक्शनांची नावं इथे मराठीत लिहिली आहेत. पायथन ३ देवनागरी नावं चालवून घेतं, पण टीममध्ये कोणाचा कीबोर्ड कसा असेल ते सांगता येत नाही, तेव्हा प्रत्यक्ष कोडात रोमन अक्षरंच ठेवा.

आधी दोन दारं ओळखा

स्टोरेज अकाउंट म्हणजे इंटरनेटवरचा एक पत्ता आणि त्या पत्त्याला लागू असलेले नियम. आत कंटेनर, कंटेनरात ब्लॉब म्हणजे फायली. शिवाय फाइल शेअर, क्यू आणि टेबल. या खात्यात शिरायची दारं दोन आहेत. पहिलं व्यवस्थापनाचं : खातं उघडा, सेटिंग बदला, टॅग म्हणजे माहितीची चिठ्ठी लावा, खातं मोडा. दुसरं डेटाचं : फाइल चढवा, वाचा, पुसा. दोन्हींचे पत्ते वेगळे, लायब्रऱ्या वेगळ्या आणि परवानग्याही वेगळ्या.

नवख्या माणसाचा अर्धा दिवस इथेच जातो. सबस्क्रिप्शनचा ओनर तोच, खातं त्यानेच उघडलेलं, आणि आपल्या लॉगिनने फाइल वाचायला गेला की समोर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'. वाडा नावावर आहे, पण तिजोरीची किल्ली कारभाऱ्याच्या कमरेला, तसला प्रकार. ओनर किंवा कॉन्ट्रिब्युटर या भूमिकेसोबत डेटा वाचायचा हक्क येत नाही. त्यासाठी 'स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर' किंवा 'स्टोरेज ब्लॉब डेटा कॉन्ट्रिब्युटर' ही भूमिका निराळी द्यावी लागते. ओनर खात्याची किल्ली काढून मागच्या दाराने आत जाऊ शकतो, त्या दाराचं काय करायचं ते पुढे येतंच.

म्हणून मदतनीसाच्या पहिल्या दिवसापासून दोन फायली करा, एक व्यवस्थापनाची, एक डेटाची. दोन्ही एकाच क्लासमध्ये कोंबले की ४०३ आल्यावर ते नक्की कुठल्या दारातून आलं हे शोधायला पुन्हा कोड वाचत बसावं लागतं. आम्ही बसलो आहोत.

तयारी

स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि त्यात तीन पॅकेज टाका : अ‍ॅझ्युर-आयडेंटिटी, अ‍ॅझ्युर-एमजीएमटी-स्टोरेज आणि अ‍ॅझ्युर-स्टोरेज-ब्लॉब. पहिलं लॉगिनसाठी, दुसरं व्यवस्थापनाच्या दारासाठी, तिसरं डेटाच्या. व्हर्जन पक्की लिहून ठेवा. नेटवरच्या जुन्या उदाहरणांत खातं उघडायला नुसतं 'क्रिएट' दिसतं. आताच्या लायब्ररीत ते 'बिगिन क्रिएट' झालं आहे, आणि जुनं उदाहरण चिकटवलं तर फंक्शनच सापडत नाही.

लॉगिनसाठी 'डिफॉल्ट अ‍ॅझ्युर क्रेडेन्शियल' वापरा. आपल्या लॅपटॉपवर ते कमांड लाइनवरचं लॉगिन उचलतं, सर्व्हरवर सर्व्हरची स्वतःची ओळख, आणि कोडात पासवर्ड लिहावा लागत नाही. त्याची एक खोड मात्र माहीत हवी. ते एकामागून एक जागा तपासत जातं आणि त्यात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मशीनवर भरून ठेवलेली मूल्यं) सर्वात आधी येतात. आदल्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तिथे काही भरलं असेल आणि पुसायचं राहिलं असेल, तर आज तुम्ही कमांड लाइनवर कितीही नीट लॉगिन करा, कोड कालच्याच माणसाच्या नावाने चालतो. यावर उपाय साधा आहे. सबस्क्रिप्शनचा आयडी मदतनीसाला दर वेळी स्पष्ट द्यायचा, आणि कुठलंही काम करायच्या आधी मदतनीसाने सबस्क्रिप्शनचं नाव आणि आयडीची शेवटची चार अक्षरं स्क्रीनवर छापायची. ती एक ओळ दिसायला क्षुल्लक आहे, पण आमचे हात तिने किमान दोनदा धरलेत.

नाव बनवणं

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा, कारण खात्याचं नाव नंतर बदलता येत नाही.

नियम असे. लांबी ३ ते २४. फक्त लहान रोमन अक्षरं आणि आकडे. हायफन नाही, अंडरस्कोर नाही, मोठी अक्षरं नाहीत. आणि नाव साऱ्या अ‍ॅझ्युरमध्ये एकमेव हवं, कारण तेच पुढे वेब पत्त्याचा पहिला तुकडा होतं. गंमत म्हणजे आतल्या कंटेनरच्या नावाचे नियम निराळे : ३ ते ६३ अक्षरं आणि तिथे हायफन चालतो, फक्त दोन सलग नकोत. खाते आणि कंटेनर दोघांना एकच तपासणी लावली की एकाचं नुकसान ठरलेलं.

आम्ही नावाचे पाच तुकडे केले : आमच्या फर्मची खूण ३ अक्षरं, ग्राहकाची खूण ६, कामाची ४, वातावरण म्हणजे चाचणी की खरं यासाठी ३, आणि शेवटी ५ अक्षरांचं शेपूट. एकूण २१. तीन अक्षरं शिल्लक ठेवली आहेत, उद्या कशाला लागली तर.

ग्राहकाची खूण त्याच्या नावावरून कोडने बनवायची, असा पहिला विचार होता. तो एका दुपारीच बारगळला. संस्थेच्या नावात 'ज्ञान' आहे. मी मराठी माणूस, डी-एन-वाय लिहिलं. धाकट्याचं शिक्षण हिंदी शाळेतलं, त्याने जी-वाय लिहिलं. एकाच संस्थेची दोन खाती तयार होण्याची सोय झाली. इंदूरचंही तेच, कोणी यू-आर लिहितो, कोणी ओ-आर-ई. तेव्हा खूण कोडने बनवायची नाही. एक छोटी टेबल-फाइल ठेवा, डावीकडे ग्राहकाचं देवनागरी नाव, उजवीकडे ठरवून दिलेली सहा अक्षरं. फाइलीत नसलेला ग्राहक आला की मदतनीस थांबतो. नवा ग्राहक म्हणजे फाइलीत एक ओळ, आणि ती ओळ दुसऱ्याने बघून मंजूर करायची.

आता शेपूट. ते जगात एकमेव नाव मिळावं म्हणून आहे, पण ते रँडम ठेवू नका. सबस्क्रिप्शन आयडी, ग्राहक, काम आणि वातावरण यांची एक ओळ करा, तिचा एसएचए-२५६ (मजकुरावरून ठरणारा ठसा, म्हणजे हॅश) काढा आणि त्याची पहिली पाच अक्षरं घ्या. तीच माहिती दिली की तेच नाव येतं, आज आणि सहा महिन्यांनीही. हॅशलिब नावाचं मॉड्यूल त्यासाठी आहे. पायथनचं अंगचं हॅश फंक्शन इथे अजिबात वापरू नका : मजकुरासाठी ते प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू झाला की वेगळं उत्तर देतं, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. आमच्याकडे पहिल्या आवृत्तीत तेच होतं. तीन वेळा चालवलं, तीन खाती उघडली, आणि आम्ही मात्र "अरे, पहिलं दिसत का नाही" म्हणून चौथ्यांदा चालवायच्या बेतात होतो.

खातं उघडणं, की आहे ते परत देणं

मदतनीसाचं हे मुख्य फंक्शन. त्याचा सांगाडा असा :

खातं_मिळव(ग्राहक, काम, वातावरण, टॅग, खरंच_कर = नाही):
    टॅग_तपास(टॅग)
    नाव = नाव_बनव(ग्राहक, काम, वातावरण)
    जुनं = आपल्या_यादीत_शोध(नाव)
    जुनं असेल तर:
        फरक = तुलना(जुनं, ठरलेली_सेटिंग)
        फरक असेल तर छाप आणि थांब
        नसेल तर जुनं परत दे
    नाव मोकळं नसेल तर कारण छाप आणि थांब
    खरंच_कर नसेल तर "हे उघडलं असतं" छाप आणि परत जा
    चालू = उघडायला_सुरुवात(नाव, ठरलेली_सेटिंग, टॅग)
    चालू संपेपर्यंत थांब
    नवं खातं परत दे

क्रम बघा. आधी आपल्या यादीत शोधायचं, मग नाव मोकळं आहे का ते विचारायचं. 'चेक नेम अव्हेलेबिलिटी' नावाची सोय आहे. ती नाव मोकळं नसेल तर कारणही सांगते, नाव नियमात बसत नाही की आधीच घेतलेलं आहे. पण 'घेतलेलं आहे' म्हणताना कोणी घेतलं ते सांगत नाही. उलट क्रमाने केलं तर स्वतःच्याच खात्याला परकं समजून कोड एरर देतो.

'फरक असेल तर थांब' ही ओळ का, तेही सांगतो. खातं उघडायची विनंती अ‍ॅझ्युर दोन तऱ्हांनी हाताळतो. असलेल्या खात्यासाठी तीच सेटिंग पुन्हा पाठवली तर तो नुसता हो म्हणतो, बिघडत काही नाही. पण वेगळी सेटिंग पाठवली तर तो असलेल्या खात्याची सेटिंग बदलून टाकतो. म्हणजे 'क्रिएट' म्हणता म्हणता चालत्या खात्याची दुरुस्ती होऊन बसते, आणि करणाऱ्याला पत्ता नाही. सेटिंग बदलायचं फंक्शन वेगळं, त्याचं नाव वेगळं, आणि ते चालवणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असावं. 'मिळव' या शब्दात 'बदल' लपवू नका.

'खरंच_कर' हा पर्याय मुद्दाम 'नाही' वर ठेवलाय. विसरून चालवलं तर फक्त काय झालं असतं ते छापलं जातं. उघडणं हे पाठीमागे चालणारं काम आहे, विनंती गेली म्हणजे खातं तयार झालं असं नव्हे. लायब्ररी एक पोलर (काम झालं का ते विचारत राहणारी वस्तू) हातात देते, त्याचा 'रिझल्ट' मागून थांबायचं.

ठरलेली सेटिंग कोणती? प्रकार 'स्टोरेज व्ही२'. फक्त एचटीटीपीएस. टीएलएस (जोडणी गुप्त ठेवणारा नियम) किमान १.२. ब्लॉब लोकांसाठी उघडे ठेवायची मुभा बंद. नव्या खात्यांना हल्ली ती आपोआप बंद असते, तरी कोडात स्पष्ट लिहा, म्हणजे तुलना करताना फरक सापडतो. हायरार्किकल नेमस्पेस (कंटेनरात खऱ्या फोल्डरांची रचना) हवी की नको ते आधी ठरवा, कारण नंतर चालू करता येते, बंद करता येत नाही.

प्रतींचा प्रश्न पैशाचा आहे. एलआरएस म्हणजे एकाच डेटा सेंटरमध्ये तीन प्रती. झेडआरएस म्हणजे त्याच प्रदेशातल्या तीन वेगवेगळ्या झोनमध्ये. जीआरएस म्हणजे इकडे तीन आणि दूरच्या दुसऱ्या प्रदेशात तीन. चाचणीच्या खात्याला एलआरएस पुरे. जुने अंक पुन्हा स्कॅन करायचे म्हणजे कागदाचे तुकडे पडतील, तिथे आम्ही जीआरएस घेतलं आणि संस्थेच्या काकांना जादा पैसे का ते नीट बसून समजावलं. "म्हणजे पुण्याला काही झालं तरी चेन्नईला राहील," ते म्हणाले. बरोबर तेच.

पुणे कुठून आलं? प्रदेश निवडताना यादीत 'सेंट्रल इंडिया' असं दिसतं. इंदूरच्या माणसाला वाटतं हे आपलंच. इंग्रजांच्या सेंट्रल इंडिया एजन्सीचं मुख्यालय इथे इंदुरात होतं, आणि १९४८ ते १९५६ या काळात मध्यभारत राज्याची उन्हाळ्यातली राजधानीही इंदूरच, हिवाळ्यातली ग्वाल्हेर. पण अ‍ॅझ्युरचं सेंट्रल इंडिया पुण्यात आहे. वेस्ट इंडिया मुंबईत, साउथ इंडिया चेन्नईत. सेंट्रल इंडियात जीआरएस घेतलं की दुसऱ्या प्रती साउथ इंडियात जातात. प्रदेशही नंतर बदलता येत नाही, तेव्हा मदतनीसात तो एकाच जागी लिहून ठेवा आणि बाहेरून घेऊ नका.

टॅगशिवाय खातं नाही

चार टॅग सक्तीचे : ग्राहक, काम, जबाबदार माणूस आणि कधीपर्यंत लागेल ती तारीख. एकही रिकामा असला की टॅग_तपास तिथेच थांबवतो. सुरुवातीला धाकटा वैतागला, "दादा, पाच मिनिटांच्या टेस्टला तारीख कशाला?" इंदुरात राहून असा प्रश्न विचारू नये. इथे घंटागाडीवाला ओल्या-सुक्याचा डबा चुकला तर उभ्या जागी परत करतो, आणि पाच मिनिटांच्या टेस्टचंच पुढे डेटाफायनल३ होतं.

टॅगमध्ये गुपित लिहू नका, खात्याची नुसती माहिती बघू शकणाऱ्या कोणालाही ते वाचता येतात.

परवानगी आणि ते दहा मिनिटांचं थांबणं

खातं उघडलं की डेटाची भूमिका ज्याला हवी त्याला द्या, आणि शक्य तितक्या लहान जागेवर द्या. स्टुडिओच्या अपलोड करणाऱ्या प्रोग्रामला एकाच कंटेनरवर हक्क पुरतो, सगळं खातं कशाला?

भूमिका दिल्या दिल्या फाइल चढवायला गेलात तर बहुधा ४०३ येईल. कोड चुकलेला नसतो. भूमिका सगळीकडे पोचायला १० मिनिटांपर्यंत लागू शकतात. मदतनीसात परवानगी_लागू_होईपर्यंत_थांब असं फंक्शन ठेवा : त्या कंटेनरातल्या फायलींची यादी मागून बघायची, ४०३ आलं तर ५ सेकंद थांबायचं, मग १०, मग २०, आणि एकूण दहा मिनिटं उलटली की स्वच्छ शब्दांत सांगायचं की भूमिका खरंच दिली आहे का ते बघा. फक्त ४०३ वर थांबा. दुसरी कुठलीही चूक आली तर लगेच बाहेर पडा, नाहीतर स्पेलिंगच्या चुकीसाठीही दहा मिनिटं ताटकळत बसाल.

किल्ल्या : शक्यतो नकोतच

प्रत्येक खात्याला दोन किल्ल्या मिळतात आणि प्रत्येक किल्ली आतलं सगळं उघडते. मागचा दरवाजा म्हणालो तो हाच. नव्या खात्यांवर आम्ही किल्लीने प्रवेश सरळ बंद ठेवतो, तशी सेटिंग आहे. एका वितरकाचं जुनं बॅकअप सॉफ्टवेअर मात्र किल्लीशिवाय चालत नाही, तिथे इलाज नाही.

किल्ल्या दोन का? बदलताना काम बंद पडू नये म्हणून. प्रोग्राम पहिल्या किल्लीवर चालू असेल तर आधी तो दुसऱ्या किल्लीवर न्यायचा, चाललाय याची खात्री करायची, मग पहिली नव्याने बनवायची. मदतनीसात या दोन पायऱ्या दोन वेगळे आदेश ठेवा. मध्ये दुसऱ्याच्या मशीनवर जाऊन काहीतरी बदलायचं असतं, आणि एकाच फंक्शनात दोन्ही केलं तर ते काम व्हायच्या आत जुनी किल्ली मरते. शिवाय किल्ली नव्याने बनवली की त्या किल्लीने सही केलेल्या सगळ्या शेअर लिंकही त्याच क्षणी बंद पडतात. वॉट्सअ‍ॅपवर कोणाला काय पाठवलं होतं ते आधी आठवा.

लिंक द्यायचीच तर किल्लीऐवजी आपल्या ओळखीने सही केलेली द्या, तिला 'यूझर डेलिगेशन सॅस' म्हणतात. ती जास्तीत जास्त ७ दिवस चालते.

या लिंकच्या वेळेने आम्हाला एकदा चांगलंच दमवलं. स्टुडिओच्या काकांना सकाळी १० वाजता लग्नाच्या अल्बमची लिंक दिली. पाचव्या मिनिटाला फोन, "अहो, उघडत नाहीये." कोड तपासला, परवानगी तपासली, कंटेनर तपासलं. जेवून आलो. साडेतीनच्या सुमाराला काकांचाच फोन, "झालं हो, उघडली. काय केलंत?" काहीच केलं नव्हतं. लिंकची सुरुवातीची वेळ आम्ही घड्याळात बघून १०:०० दिली होती, आणि लिंक ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, समजते. यूटीसीचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. मदतनीसात वेळ नेहमी टाइमझोनसकट घ्या आणि यूटीसी करूनच पुढे पाठवा, टाइमझोन नसलेली वेळ आली तर एरर द्या. सुरुवातीची वेळ आतापेक्षा १५ मिनिटं मागे ठेवा, किंवा देऊच नका. दोन मशीनची घड्याळं थोडी पुढेमागे असतात.

देवनागरी नावांच्या फायली

हा भाग खास मराठी वाचकांसाठी. ब्लॉबचं नाव देवनागरीत ठेवता येतं, चालतंही. पण पत्त्यात ते टक्क्याच्या चिन्हांत जातं : देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, पत्त्यात ९ चिन्हं. 'दिवाळी अंक' एवढं नाव लिंकमध्ये अर्धी ओळ खातं.

त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. 'पायऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला ऱ एका कीबोर्डवर स्वतंत्र चिन्ह म्हणून येतो, दुसऱ्यावर र आणि नुक्ता अशी जोडी म्हणून, आणि तिसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा तिकडीने. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. अ‍ॅझ्युरच्या लेखी तीन वेगळ्या फायली. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसी या एकसारख्या रूपात आणलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो.

आणि मेटाडेटा, म्हणजे फाइलीला जोडलेली माहिती. तो एचटीटीपी हेडरमधून जातो, तिथे देवनागरी चालत नाही. शीर्षक तसंच्या तसं टाकायला गेलात तर एरर येते. ते आधी बेस६४ किंवा टक्का-रूपात बदलून टाका आणि वाचताना उलट करा. मदतनीसात या दोन फंक्शनांची जोडी ठेवली की बाकीच्या कोडाला त्याची आठवणही ठेवावी लागत नाही. आम्ही अंकांच्या फायलींना साल, महिना आणि पानाचा आकडा अशी रोमन नावं दिली, आणि देवनागरी शीर्षक मेटाडेटात आणि वेगळ्या सूचीत ठेवलं. संस्थेतल्या एका आजींना ते आवडलं नाही. सूची दाखवल्यावर त्यांनी तीन शीर्षकांतलं शुद्धलेखन सुधारून दिलं.

जुने अंक क्वचित बघितले जातात म्हणून आर्काइव्ह टियरचा, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फायलींच्या स्वस्त दराच्या वर्गाचा, मोह होतो. ठेवायला स्वस्त, पण किमान १८० दिवसांचे पैसे मोजावे लागतात आणि फाइल परत वाचण्याजोगी व्हायला १५ तासांपर्यंत लागू शकतात. कूल टियरला ही अट ३० दिवसांची आहे आणि फाइल लगेच मिळते. आमच्या मदतनीसाला आर्काइव्ह माहीतच नाही.

खातं मोडणं

टेस्टन्यू२ मीच मोडलं होतं. नाव टेस्ट, टॅग नाही, महिनाभर कोणी हात लावलेला नाही. त्यात संस्थेची दोन वर्षांच्या अंकांची स्कॅन होती, घाईच्या दिवशी कोणीतरी 'तात्पुरती' टाकलेली. कोणी म्हणजे मीच.

खातं मोडल्यापासून १४ दिवसांच्या आत ते पोर्टलवरून परत मिळण्याची शक्यता असते. अट अशी की त्याच नावाने मधल्या काळात दुसरं खातं उघडलेलं नसावं. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं आणि खातं परत आलं. ब्लॉबचं सॉफ्ट डिलीट (पुसलेली फाइल काही दिवस राखून ठेवणारी सोय) चालू होतं म्हणून मी आधी निर्धास्त होतो. पण सॉफ्ट डिलीट खात्याच्या आतल्या फायलींना वाचवतं, खातंच गेलं तर त्याचा उपयोग नाही.

आता आपल्या मदतनीसाकडे बघा. तो तीच माहिती दिली की तेच नाव बनवतो. म्हणजे चुकून मोडलेलं खातं दुसऱ्या दिवशी कोणी 'खातं_मिळव' चालवलं की त्याच नावाने कोरं उभं राहील, आणि परत मिळवायची वाट बंद. आपल्याच शहाणपणाने हा खड्डा खणलेला असतो. म्हणून मोडलेल्या नावांची एक फाइल ठेवा, नाव आणि तारीख. खातं_मिळव नाव बनवल्यावर ती फाइल बघतो आणि १४ दिवस उलटले नसतील तर उघडायला नकार देतो.

मोडायचं फंक्शन दोन टप्प्यांत ठेवा. पहिल्यात खात्यावर 'मोडायचं आहे' असा टॅग आणि आजची तारीख. दुसरा टप्पा सात दिवसांनंतरच चालतो, चालवणाऱ्याने खात्याचं पूर्ण नाव हाताने टाइप करायचं, आणि कोड आत शिरून कंटेनरांची आणि फायलींची संख्या छापतो. आकडा शून्य नसेल तर जबाबदार माणसाला फोन. बॅच मोड नाही, एका वेळी एकच खातं.

खऱ्या वातावरणातल्या खात्यांवर डिलीट लॉक लावा. दोन गोष्टी ध्यानात असू द्या : हा लॉक खातं मोडू देत नाही, पण आतल्या फायली पुसण्यापासून वाचवत नाही, आणि त्याच्याशेजारचा 'रीड ओन्ली' लॉक उत्साहाने लावलात तर किल्ल्यांची यादी मागणंही बंद होतं. ती विनंती वाचण्याची वाटते, पण अ‍ॅझ्युर तिला लिहिण्यात धरतो. वितरकाचा बॅकअप त्या पायी एक रात्र बंद होता.

यादी, वेग आणि चाचण्या

यादी काढणं सोपं आहे, मात्र एकदाच काढा आणि हातात ठेवा. लूपमध्ये प्रत्येक ग्राहकासाठी सगळी यादी पुन्हा मागत राहिलात की ४२९ येतं, म्हणजे जरा दमानं घ्या. लायब्ररी स्वतः थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करते, त्यामुळे एररपेक्षा आधी कोड रेंगाळल्यासारखा वाटतो.

चाचण्यांसाठी खरं खातं उघडायची गरज नाही. व्यवस्थापनाच्या क्लायंटच्या जागी एक खोटा क्लायंट द्या, जो आतल्या डिक्शनरीत खाती ठेवतो. चाचण्या चार पुरतात : तेच फंक्शन दोनदा चालवलं तर खातं एकच असावं, सेटिंग वेगळी असेल तर काही न बदलता थांबावं, टॅग रिकामा असेल तर क्लायंटला हाकही जाऊ नये, नुकतंच मोडलेलं नाव नाकारावं. पहिली चाचणी दोन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, त्या हॅशच्या भानगडीमुळे.

आमच्याकडे दर शनिवारी सकाळी पोहे येतात तेव्हा यादीचं फंक्शन चालतं. टॅग नसलेली, तारीख उलटलेली आणि जबाबदार माणूस नोकरी सोडून गेलेली खाती एका कागदावर छापून येतात. जिरावण (पोह्यांवरचा मसाला) सांडलेला तोच कागद हातात घेऊन आम्ही एकेक ओळ खोडतो. त्या ११ पैकी सात रिकामी निघाली, तीन खात्यांचे मालक सापडले. एक अजून आहे. आत कुठल्यातरी लग्नाचे ४१२ फोटो. स्टुडिओचे काका चष्मा लावून तीनदा बघून गेले; म्हणतात हा मांडव आपल्याकडचा नाही. लॉक लावून ठेवलंय, जबाबदार माणूस म्हणून टॅगमध्ये सध्या माझं नाव आहे.